रेडिएटर फॅन मधेच बंद पडतोय, मोटर बदलू का आधी अजून काय बघू?

नमस्कार मंडळी, साताऱ्यातून लिहितोय. गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१२ ची, ९४ हजार किमी झालीय. मागच्या रविवारी आईला घेऊन कासला निघालो, यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या गियरवर चढताना टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला, आधी म्हटलं ऊन आहे, चढ आहे, पण एका वळणावर लाल पट्टीलाच टेकला म्हणून बाजूला घेतली, बोनेट उघडून बघतो तर फॅन गप्प. आई म्हणाली पाणी ओत, मी म्हटलं आत्ता टोपण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येईल. पाऊण तास कठड्यावर बसून काढला.

हायवेला मात्र काही त्रास नाही, पुण्याला जाऊन आलो, ८०-९० ला समोरनं वारं मिळतं तोवर काटा निम्म्याच्या खाली. पोवई नाक्यावर गर्दीत पाच मिनिटं उभा राहिलो की एसी कोमट आणि काटा वर. कधी सकाळी फॅन आपोआप फिरतो पण, म्हणून जास्त डोकं फिरलंय.

गॅरेजवाल्याने टेंपरेचर सेन्सर बदलला, ११०० गेले, दोन दिवस बरं आणि परत तेच. आता म्हणतोय अख्खी फॅन असेंब्ली टाका, साडेसहा हजार. मी घरी एवढं बघितलं: फ्यूज चांगला आहे, रिले (फॅनला करंट सोडणारा स्विच) हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल केला (नंबर सेम होता), एसी लावला की रिले टक वाजतो, फॅनच्या कपलरवर (वायरी जोडायच्या प्लगवर) मल्टिमीटरला १२.३ व्होल्ट येतात. तरी फॅन फिरत नाही. म्हणजे मोटरच गेली ना?

घाटातला ड्रायव्हर: लय विचार करू नका, मोटरच्या आत करंट पोचवणारे कार्बन (ब्रश) संपलेत. फॅन बंद असताना मोटरच्या पाठीवर पान्याच्या मुठीनं हलकं टकटक करा, फिरला तर कार्बनच. पण हात लांब ठेवा, काही गाड्यांत चावी काढली तरी फॅन अचानक सुरू होतो.

बारा व्होल्ट: थांबा, साडेसहा हजार घालवू नका. एसी लावल्यावर फॅन सेन्सरची वाट बघत नाही, तरी तुमचा फिरत नव्हता, म्हणजे सेन्सर उगाच बदलला. आणि मल्टिमीटरच्या १२.३ वर जाऊ नका. मीटर नावालाच करंट ओढतो, वायरची एक तार धड असली तरी पूर्ण व्होल्ट दाखवणार. हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब घ्या, फॅनचा कपलर काढून त्याच्या दोन पिनांना लावा आणि एसी चालू करा. बल्ब लख्ख पेटला तर मोटर खराब. मिणमिणला तर करंट वाटेत अडकतोय, मग अर्थिंगच्या (करंट परत बॅटरीकडं नेणाऱ्या) पिनेऐवजी सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवा. लख्ख झाला तर अर्थिंग गेलंय, नाही झाला तर फ्यूजपासून कपलरपर्यंतची वायर बघा.

धागाकर्ता: बारा व्होल्ट दादा, आज संध्याकाळी केलं. बल्ब विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लाल, बॅटरीच्या निगेटिव्हला लावला तर डोळ्यांवर आला! अर्थिंगची वायर बॅटरीच्या ट्रेखाली एका बोल्टला जाते, ट्रे काढला तर बोल्टावर हिरवा-पांढरा थर, बहुतेक ॲसिड गळलेलं, आणि लग (वायरच्या टोकाची कडी) हातानंच हलत होता. पॉलिश पेपरनं घासून नवा बोल्ट आवळला. एसीचं बटण दाबलं आणि फॅन असा गरगरला की बोनेटवर बसलेलं मांजर पळालं. वीस मिनिटं उभी चालू ठेवली, काटा निम्म्यावरच. खर्च बोल्टचे १० रुपये.

पण एक शंका आहे, कपलरची एक पिन करपल्यासारखी तपकिरी झालीय आणि प्लॅस्टिक थोडं वितळलंय. तेवढंच बदलून चालेल का?

बारा व्होल्ट: कपलर बदला, पण आधी फॅन बंद असताना पात हातानं फिरवून बघा, बॅटरीची वायर काढून. जड लागलं किंवा खरखरलं तर मोटर जास्त अँपिअर ओढतेय, तेव्हा पुढंमागं बदलावीच लागेल. ढिल्या पिनेनंही एवढं करपतं म्हणा. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा) कुणाकडे असेल तर फॅन चालू असताना अँपिअर मोजून इथं टाका, आणि फ्यूज किती अँपिअरचा आहे तेही सांगा.

धागाकर्ता: फ्यूज ३० चा. पात हलकी फिरते, खरखर नाही. क्लॅम्प मीटर शेजारच्या वायरमनकडे आहे, उद्या मागतो.