मदत हवी आहे: मुलीची म्युझिकल थिएटरची ऑडिशन, नाच जवळजवळ शून्य

सांजवेळ | ७ सप्टेंबर, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. फार फिरवून लिहीत नाही, वेळच नाहीये.

लेकीला कॉलेजात म्युझिकल थिएटर (गाणं, अभिनय, नाच एकत्र) शिकायचंय. हे आम्हाला जुलैत कळलं. (जूनपर्यंत सायकॉलॉजी होतं.) गाणं चांगलं आहे, अभिनय बरा करते, नाचाचं मात्र काही खरं नाही. लहानपणी शिकत होती, सोडलं. आता प्रीस्क्रीनला (ऑडिशनआधीची व्हिडिओ-चाळणी) नाचाचा व्हिडिओ मागतायत आणि त्यातून पुढे गेली तर डान्स कॉल (समोरासमोर नाचाची परीक्षा). इथल्या एका स्टुडिओत चौकशीला गेले. तिथल्या बाईंनी तिला एक पिरुएट (बॅलेतली एका पायावरची गिरकी) करायला लावली, 'आत्ता आलात होय' असा चेहरा केला आणि बारा आठवड्यांच्या खाजगी शिकवणीचा कागद हातात ठेवला. त्यावरचा आकडा मी गाडीत बसून दोनदा वाचला. पोरगी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

दोन महिन्यांत बॅले कुठवर येतं? कोणी यातून गेलंय का? लवकर सांगा प्लीज.

पेठकर | ८ सप्टेंबर, सकाळी ६:१५

बॅले कशाला लागतंय? पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथे नाटकही आहे, संगीतही आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं (एनएसडी) म्हणाल तर तिथे आधी पदवी लागते, त्यामुळे आत्ता तो विचार नको. मुलीला आधी एखाद्या प्रायोगिक संस्थेत सतरंज्या उचलू द्या. आमच्या वेळी एकांकिका स्पर्धांच्या तालमी रात्री दोनपर्यंत चालायच्या.

कोपऱ्यावरचा | ८ सप्टेंबर, सकाळी ८:०३

काका, प्रीस्क्रीन, डान्स कॉल, पिरुएट, गाडीत वाचलेला आकडा. ताई अमेरिकेत आहेत.

पेठकर | ८ सप्टेंबर, सकाळी ८:२०

मग तसं लिहायला नको का?

बोस्टनकर | ८ सप्टेंबर, सकाळी ९:३१

मी गेलेय यातून, मुलाच्या वेळी. पण तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. मुलगी बारावीत की अकरावीत? कुठली कॉलेजं? बीएफएच (मुख्यतः कलेचीच पदवी) हवंय की बीए चालेल? 'लहानपणी शिकत होती' म्हणजे काय, किती वर्षं आणि सोडून किती झाली? शाळेच्या म्युझिकलमध्ये काय केलंय? गाणं कोणाकडे शिकते? प्रीस्क्रीनची पहिली तारीख कधी आहे? हे कळल्याशिवाय कोणीही काहीही सांगेल. इथे सांगतातच.

सांजवेळ | ८ सप्टेंबर, दुपारी १२:५०

सॉरी, कामाच्या मध्ये लिहितेय. न्यू जर्सी. बारावी, म्हणजे सीनियर. बीएफए. यादीत मिशिगन, कार्नेगी मेलन, पेन स्टेट, माँटक्लेअर स्टेट, अजून चारपाच आहेत, तिच्या वहीत आहेत. पहिली तारीख १ नोव्हेंबर. नाच म्हणजे कथक, सहा वर्षं, आठवीत सोडलं. पण ते काही इथे उपयोगाचं नाही ना, म्हणून लिहिलं नाही.

तत्कार | ८ सप्टेंबर, दुपारी १:१४

सहा वर्षं कथक आणि शीर्षकात 'शून्य'? ताई, राग मानू नका, पण वाचून पोटात कालवलं. मी वीस वर्षं कथक शिकवते. सहा वर्षांत मुलीच्या अंगात लय मुरते. तीनताल सोळा मात्रांचा आणि या लोकांचे आठाचे दोन काउंट म्हणजे सोळाच. चक्कर घेताना नजर एका जागी ठेवून मान शेवटी फिरवायची हे तिला शिकवलेलं असणार, त्यालाच ते स्पॉटिंग म्हणतात. टॅप तर तिला आठ दिवसांत येईल, पायाने बोल काढायचेच तर आहेत. चांगला तुकडा आणि तिहाई (तीनदा घेऊन समेवर येणारा बोल) बसवून तोच व्हिडिओ पाठवा. बॅले करणाऱ्या शंभर मुलींमध्ये ही एकटी उठून दिसेल.

पॉइंटशूज | ८ सप्टेंबर, दुपारी ३:४०

तत्कार ताईंचा आदर ठेवून, हे चुकीचं आहे आणि मुलीचं नुकसान करेल. मी आठ वर्षं बॅले केलं आणि त्याआधी कथकच्या दोन परीक्षा दिल्या, म्हणून सांगते.

कथकचं चक्कर टाचेवर, पिरुएट पंजावर. कथकमध्ये आपण बहुतेक डावीकडूनच फिरतो, इथे दोन्ही बाजूंनी मागतात आणि उजवीकडून फिरताना कथकवाल्या मुली हमखास झोकांडतात. तत्कारात (कथकच्या पदन्यासात) अख्खा तळवा जमिनीवर पडतो. टॅपमध्ये घोटा सैल सोडून फक्त पुढचा पंजा घासायचा असतो. सहा वर्षांची सवय मोडायला आठ दिवस? मला एका साध्या शफलला (पंजा पुढे-मागे घासण्याला) दीड महिना लागला आणि तोवर शिक्षिका 'तू जमिनीवर रागावली आहेस का' असं विचारायची.

तत्कार | ८ सप्टेंबर, दुपारी ४:०५

दोन परीक्षा देऊन कथक कळत नाही.

पॉइंटशूज | ८ सप्टेंबर, दुपारी ४:०९

तिला कथक कळण्यासाठी ऑडिशन द्यायची नाहीये.

हिशेबी | ८ सप्टेंबर, संध्या. ५:२२

कोणी फीबद्दल बोलेल का? चार वर्षांचं गणित मांडलंत का? माझं मत, सायकॉलॉजी मेजर ठेवा आणि थिएटर मायनर घ्या. माझ्या भाच्याने कॉम्प्युटर सायन्स करून शनिवार-रविवार इम्प्रोव्ह (आयत्या वेळी सुचेल तसं नाटक) केलं, आज दोन्हीत मजेत आहे. एफएएफएसए (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भरणार आहात ना? ऑडिशनची फी प्रत्येक कॉलेजची वेगळी लागते हे लक्षात ठेवा.

सांजवेळ | ८ सप्टेंबर, संध्या. ५:३०

हिशेबी, तो विषय आमच्या घरात जुलैत झाला. तीन दिवस चालला. पुन्हा नको. नाचाचं बोला.

बोस्टनकर | ८ सप्टेंबर, रात्री ९:१८

मुलं झोपली (मोठा तर आता कॉलेजातच आहे), आता नीट लिहिते.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दोन महिन्यांत बॅले येत नाही. त्या स्टुडिओवाल्या बाईंच्या बारा आठवड्यांतही येणार नव्हतं. पण तुम्हाला बॅले यायची गरज आहे असं तुम्ही धरून चाललाय, आणि आम्हीही तिथेच फसलो होतो.

माझ्या मुलाची पाटी खरोखर कोरी होती. कथकही नाही, गणपतीत लेझीम तेवढं. पहिल्या डान्स कॉलला तो छातीवर नंबर लावून तीसेक मुलांत उभा राहिला. समोर कोरिओग्राफर. अर्ध्या-पाऊण तासात एक कॉम्बिनेशन (हालचालींची साखळी) शिकवलं, मग तीन-तीन, चार-चार जणांना पुढे बोलावलं. त्याच्या शेजारचा मुलगा तिहेरी पिरुएट सहज घेत होता, पण एक पाऊल चुकलं तसा थांबला आणि तोंड वाकडं केलं. माझा मुलगा तीन पावलं चुकला आणि गाणं अंगावर घेतल्यासारखा पुढे जात राहिला. त्याला त्या कॉलेजने घेतलं. शेजारच्याचं काय झालं मला माहीत नाही, त्यामुळे यावरून नियम काढू नका. पण पॅनल जे बघतं त्यात नवीन हालचाल किती लवकर उचलता, चुकल्यावर काय करता आणि त्या नाचात माणूस दिसतो की कवायत, हे नक्की असतं. बाकी तंत्र शिकवायला ते चार वर्षं घेणारच आहेत.

म्हणून सराव वेगळा करायचा. एकच नाच दोन महिने घासू नका. रोज एक नवा, लहान, चार आठांचा (आठ काउंट चारदा) कॉम्बो, रोज वेगळ्या शिक्षकाचा. वीस मिनिटांत शिकायचा, एकदा रेकॉर्ड करायचा, सोडून द्यायचा. आरसा असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही खोल्यांत. यूट्यूबवर अर्धे व्हिडिओ उलटे, म्हणजे आरशातल्यासारखे असतात, ते आधी तपासा, नाहीतर डावं-उजवं बिघडतं. आठवड्यातून दोनदा बिगिनर बॅले (त्यातल्या प्राथमिक हालचाली: प्लिए, टाँदू, शासे, पा द बुरे, एक स्वच्छ सिंगल पिरुएट, बस) आणि एकदा जॅझ. तुम्ही न्यू जर्सीत आहात, मॅनहॅटनला ब्रॉडवे डान्स सेंटर आणि स्टेप्स ऑन ब्रॉडवे इथे सुट्या तासाचे पैसे भरून वर्ग करता येतात, वयाच्या अटी फोन करून विचारा. महत्त्वाचं म्हणजे तिथे अनोळखी माणसांच्या मागे उभं राहून शिकायची सवय होते. दुसऱ्या रांगेत उभं राहायला सांगा. पहिलीत समोर कोणी नसतं, शेवटच्या रांगेतून काही दिसत नाही, आणि मध्येच रांगा बदलतात तेव्हा दुसरीवाल्याची धांदल कमी होते.

आता कथकचं. तत्कार आणि पॉइंटशूज, तुम्ही दोघी बरोबर आहात, फक्त वेगवेगळ्या व्हिडिओबद्दल बोलताय. बऱ्याच कॉलेजांनी मिळून एक सामायिक प्रीस्क्रीन ठरवलंय, त्यात गाणी, मोनोलॉग (स्वगत), नाच आणि बरेचदा एक 'वाइल्ड कार्ड' असतं. वाइल्ड कार्ड म्हणजे तुम्हाला स्वतःबद्दल जे दाखवायचंय ते. कथक तिथे. नाचाच्या व्हिडिओला मात्र प्रत्येक कॉलेजचं पान वाचा. काही म्हणतात जी शैली येते ती करा, काहींना ठरावीक हालचाली हव्या असतात. एकच तिहाई दोन्ही व्हिडिओंना चिकटवू नका.

तत्कार | ८ सप्टेंबर, रात्री ९:५५

हे पटलं. पण वाइल्ड कार्डमध्ये नुसते चक्करदार तुकडे नकोत, आधी पढंत करायला सांगा. तोंडाने बोल म्हणून मग नाचली की परक्यालाही कळतं काय चाललंय.

पॉइंटशूज | ८ सप्टेंबर, रात्री १०:०२

हे मलाही पटलं. (लिहून ठेवा कोणीतरी.)

पेठकर | ९ सप्टेंबर, सकाळी ६:४०

रात्रभर वाचलं. मला एक सांगा, गाणारा नट नाचलाच पाहिजे हे कोणी ठरवलं? ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगभूमीवर आणलं तेव्हापासून आपल्याकडे संगीत नाटक आहे. बालगंधर्वांना कोणी पिरुएट घ्यायला लावली नाही. एका पदाला वन्समोअर, दुसऱ्याला वन्समोअर, पहाटेपर्यंत प्रयोग.

कोपऱ्यावरचा | ९ सप्टेंबर, सकाळी ७:१२

काका, मिशिगनच्या पॅनलला वन्समोअर म्हणता येत नाही.

पेठकर | ९ सप्टेंबर, सकाळी ७:३०

त्यांचं नुकसान. पण मुलीला प्रीस्क्रीनसाठी एक सल्ला खरोखर देतो. गाण्यातला शब्द शेवटच्या माणसाला ऐकू गेला पाहिजे. बाकी तुमचं तुम्ही बघा.

सांजवेळ | १० सप्टेंबर, रात्री १०:२५

सगळ्यांचे आभार, विशेषतः बोस्टनकर. काल तिला धागा वाचून दाखवला. 'जमिनीवर रागावली आहेस का' वर चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

आज बेसमेंटमध्ये पहिला व्हिडिओ काढला. छत खाली आहे, हात वर नेला की बोटं पाइपला लागतात, म्हणून ती कोपर वाकवते. शिवाय पाय कापले जातायत, कारण मागे गेलं की वॉटर हीटर येतो. अजून एक. जॅझचा साधा हात बाहेर टाकताना तिचा अंगठा आपोआप दुमडतो आणि पताक (कथकमधली हस्तमुद्रा) होतो. तिला कळतही नाही. मी थांबवून दाखवलं तर म्हणाली, आई, हा हात माझा नाहीये, गुरूंचा आहे. काय करू याचं?

आणि एक विचारायचं राहिलं, कपडे काय?

पॉइंटशूज | १० सप्टेंबर, रात्री १०:४४

बेसमेंट सोडा. शाळेच्या जिममध्ये किंवा लायब्ररीच्या हॉलमध्ये तासभर मागा. डोक्यापासून पायापर्यंत अख्खं अंग फ्रेममध्ये हवंच, पाय कापलेला नाचाचा व्हिडिओ म्हणजे पाठवला नाही असंच समजा. फोन आडवा धरा, कमरेच्या उंचीवर. कपडे अंगालगत, एका रंगाचे, भिंतीच्या रंगाचे नाहीत. लिओटार्ड आणि टाइट्स सुरक्षित. जॅझ शूज घ्या, आणि लाइव्ह ऑडिशनसाठी कॅरेक्टर शूज. टाचेचे शूज ऑडिशनच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत, आत्तापासून घरात घालून भांडी घासू दे तिला.

अंगठ्यासाठी माझ्या शिक्षिकेने मला हातात टेनिसचा चेंडू धरून पोर्ट दे ब्रा (बॅलेतल्या हातांच्या हालचाली) करायला लावलं होतं. दोन आठवडे लागले.

बोस्टनकर | १० सप्टेंबर, रात्री ११:१०

हो, आणि यादी पुन्हा बघा. तुम्ही नावं घेतलीत ती जवळजवळ सगळी प्रवेशाला डोंगराएवढी अवघड आहेत. एकेका वर्गात दहा ते पंचवीस मुलं घेतात. नाचावर कमी भर असलेली, अभिनय आणि गाण्याला जास्त महत्त्व देणारी दोन-तीन तरी घाला, आणि ऑडिशनच नसलेलं एक बीए. आमच्याकडे बारा अर्ज होते, तीन होकार आले. जानेवारी-फेब्रुवारीत न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिसला बरीच कॉलेजं एकत्र ऑडिशन घेतात, त्याला युनिफाइड्स म्हणतात. तुम्हाला न्यूयॉर्क ट्रेनने जमेल, विमानाचे पैसे वाचतील. (हिशेबी, बघा, तुमचाही मुद्दा आला.)

हिशेबी | १० सप्टेंबर, रात्री ११:१३

मी तेच म्हणत होतो.

सांजवेळ | ११ सप्टेंबर, सकाळी ७:०५

टेनिसचा चेंडू मिळाला, कुत्र्याचा आहे. वहीतली यादी काढून बसतोय आज. माँटक्लेअर राहील, ते घरापासून चाळीस मिनिटांवर आहे.

कांदेपोहे | ११ सप्टेंबर, दुपारी १:३३

धागा पूर्ण वाचला नाही. आमच्या मुलीचे कॅरेक्टर शूज पडून आहेत, दोन वेळाच घातलेले, काळे, साडेसातचे. एडिसनला येऊन घेऊन जा.

सांजवेळ | ११ सप्टेंबर, दुपारी १:४०

तिला साडेसहा लागतात. तरी शनिवारी येते, व्यनि (खाजगी निरोप) करते.