मदत हवी: ब्राह्मी मधूनच टकली होतेय, फुलंही नाहीत

रानजाई: नर्सरीतून आणलेली ब्राह्मी आधी मस्त पसरली. आता मधे नुसत्या काड्या, कडेला तेवढी पानं, तीही टोकाला करपलेली. फूल एकही नाही. रोज पाणी घालते, शेणखतही दिलंय. काय करू? जरा लवकर सांगा.

बागुलबुवा: कुंडीत की जमिनीत? ऊन किती? गाव कुठलं?

खुरपं: रोज पाणी, तिथंच घोळ आहे. मुळं कुजली असणार. चार दिवस पाणी बंद, वरून निंबोळी पेंड.

तळ्याकाठी: अहो, ओढ्याकाठच्या चिखलात वाढणारी ती, पाणी तोडून मारायचीय का? माझी बिनभोकाच्या टबात आहे. खाली माती, वर बोटभर पाणी.

खुरपं: आणि डास?

तळ्याकाठी: गप्पी मासे सोडलेत.

गोलपान: आधी पान कसं ते सांगा. नर्सरीवाले मंडूकपर्णीही ब्राह्मी म्हणून देतात. तिचं पान गोल आणि फुलं पानांखाली दडलेली, शोधूनही सापडत नाहीत.

रानजाई: पान बारीक, जाडसर, चमच्यासारखं.

गोलपान: मग नीरब्राह्मीच. पांढरट-जांभळट, पाच पाकळ्यांची फुलं येतील.

माईंची_पोतडी: पानं खोबरेल तेलात कढवा, केस काळेभोर राहतात म्हणतात. कृती हवी तर सांगते.

पिवळाधमक: कशाला एवढा खटाटोप? वेडेलिया लावा. झटपट गालिचा, वर पिवळी फुलं.

गोलपान: कृपा करून नको! मूळची मध्य अमेरिका-कॅरिबियनची. जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे ती. ओढ्याकाठी सुटली की बाकी काही उगवू देत नाही.

पिवळाधमक: आमच्या सोसायटीत तर छान दिसते.

बागुलबुवा: रानजाई, कुंडीचं राहिलं.

रानजाई: सांगितलं नाही का? काथ्याची टांगती कुंडी. नाशिक, गच्ची, पश्चिमेचं ऊन. सकाळी तांब्याभर पाणी.

तळ्याकाठी: घ्या! काथ्या चहूबाजूंनी सुकतो, दुपारपर्यंत माती ठणठणीत. पसरट टब घ्या. कडेच्या वेलांचे वीतभर तुकडे कापून खालची पानं काढा आणि दोन-तीन पेरं चिखलात आडवी दाबा, पेरापेराला मुळं फुटतात. सकाळचं ऊन, दुपारी आडोसा. शेणखत तूर्त पुरे, नत्र जास्त झालं की नुसता पाला. पुढेही अधूनमधून छाटत राहा, जुने वेल मधे उघडे पडतातच.

रानजाई: टब मिळाला, पण तळाला भोक आहे. एम-सीलने बुजवू?

खुरपं: भोक राहू द्या!!

तळ्याकाठी: बुजवा. नीट वाळल्यावरच पाणी भरा.