मदत हवी आहे: सोर्स बदलला की एलईडी वॉल काळी, कॅमेरा तर येतच नाही (तातडीचे)

मंडप_लाइट_नाशिक
४ मीटर बाय अडीच मीटर वॉल, पी २.६ (दोन पिक्सेलमध्ये २.६ मिमी अंतर). सोर्स तीन: लॅपटॉप, कॅमेरा, सेटटॉप बॉक्स. लॅपटॉप दिसतो. सेटटॉपवर गेलो की वॉल काळी. परत लॅपटॉपवर आलो की चार-पाच सेकंद काहीच नाही, मग पीपीटी वॉलवर न येता लॅपटॉपच्याच स्क्रीनवर उघडते. कॅमेरा मॉनिटरवर झकास दिसतो, प्रोसेसर (सोर्सचं चित्र वॉलला पाठवणारा डबा) म्हणतो नो सिग्नल. पीआयपी (चित्रात चित्र) लावलं तर छोटी खिडकी रिकामी. शिवाय सगळ्यांचे चेहरे लांबट. केबल बदलून झाली, फॅक्टरी रीसेटही केला. उद्या सकाळी ११ ला कार्यक्रम आहे. मॅन्युअल वाचा म्हणणाऱ्यांनी कृपया पुढे जावे.

पिक्सेलपंत
भाऊ, 'कॅमेरा' म्हणजे थेट कॅमेरा की मिक्सरचा फीड? कोणत्या इनपुटला, एसडीआय (प्रोफेशनल व्हिडिओची केबल) की एचडीएमआय? केबल किती मीटर? आणि रीसेट मारल्यावर पॅनलचं मॅपिंग (कोणतं पॅनल कुठे ही नोंद) जागेवर आहे ना?

तात्या_साउंड
पोर्ट ओव्हरलोड. दुसरं काही नाही. प्रोसेसरमधून वॉलकडे जाणाऱ्या एका लॅन पोर्टवर ६० हर्ट्झला साडेसहा लाख पिक्सेलच जातात. पी २.६ चं अर्ध्या मीटरचं पॅनल १९२ बाय १९२, म्हणजे ३६,८६४ पिक्सेल. एका पोर्टवर १७ च्या वर पॅनल लावायचं नाही. तुमची ४० पॅनल्स दोन पोर्टवर कोंबली असणार.

पिक्सेलपंत
तात्या, हिशेब बरोबर, निदान चूक. पोर्ट भरला असता तर लॅपटॉपवरही ठरावीक पॅनल्स काळी राहिली असती. इथे एक सोर्स पूर्ण दिसतो आणि दुसरा पूर्ण जातो. दोष इनपुटच्या बाजूला आहे.

मंडप_लाइट_नाशिक
तीन पोर्ट आहेत, १६-१६-८. मॅपिंग ठीक. मिक्सरचा फीड आहे, एसडीआय, १०८०पी ५० (सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम). केबल ६० मीटर असेल. लॅपटॉप आणि सेटटॉप स्विच बॉक्समधून येतात, त्याचा इथे काय संबंध?

एसडीआय_सम्राट
कसला स्विच बॉक्स?

मंडप_लाइट_नाशिक
एचडीएमआयचा, रिमोटवाला. तीन इन, एक आऊट. प्रोसेसरला एचडीएमआय दोनच आहेत, एक कन्फिडन्स मॉनिटरसाठी (वक्त्यासमोरचा पडदा) राखून ठेवला.

पिक्सेलपंत
संबंध तिथेच आहे. असा साधा बॉक्स जो सोर्स निवडलेला नाही त्याचा हॉटप्लग (पडदा जोडलेला आहे हे सांगणारा सिग्नल) सोडून देतो. विंडोजला वाटतं पडदा काढून घेतला, म्हणून सगळ्या खिडक्या लॅपटॉपवर गोळा होतात. परत आलात की ईडीआयडी (पडदा कोणती मापं घेतो ती यादी) नव्याने वाचणं, रिझोल्यूशन ठरवणं, एचडीसीपीचा (कॉपी रोखणारं कुलूप) हस्तांदोलन समारंभ, सगळं पहिल्यापासून. तेच तुमचे चार-पाच सेकंद.
बॉक्स काढा. लॅपटॉप थेट एचडीएमआय १ ला, सेटटॉप थेट २ ला, आणि बदल प्रोसेसरच्या बटणाने करा. दोन्ही सोर्स सतत जोडलेले राहिले की स्केलर (प्रोसेसरमधला चित्राचं माप बदलणारा भाग) चित्र धरून ठेवतो आणि कट किंवा फेड काळं न होता होतो. इनपुट ही सोर्ससाठी असतात. कन्फिडन्स मॉनिटर प्रोसेसरच्या मॉनिटर किंवा लूप आऊटवर घ्या.

व्हीमिक्सवाला
हे सगळं कशाला? एक चांगला पीसी, दोन कॅप्चर कार्ड, व्हीमिक्स (व्हिडिओ मिक्सिंगचं सॉफ्टवेअर). प्रोसेसरला एकच केबल. पीआयपी, नावाच्या पट्ट्या, सगळं आत.

एसडीआय_सम्राट
आणि ऐन वेळी विंडोज अपडेट आलं की सगळंच आत. उद्या कार्यक्रम असलेल्या माणसाला आज नवी सिस्टीम उभी करायला सांगू नये हो.
नाशिककर, दोन प्रश्न. मॉनिटर मिक्सरच्या एचडीएमआयवर आहे की याच ६० मीटर केबलच्या टोकाला? आणि केबल कोणती, अंगावर काय छापलंय?

मंडप_लाइट_नाशिक
मॉनिटर मिक्सरपाशी, एचडीएमआयवर. केबल सीसीटीव्हीची, थ्री प्लस वन (तीन तारा आणि एक व्हिडिओ केबल). बीएनसी (फिरवून लावायचा कनेक्टर) आहे, सेमच असते ना? सीसीटीव्हीला २०० मीटर ओढली आहे.

एसडीआय_सम्राट
बीएनसी सेम, काम सेम नाही. सीसीटीव्हीचा अॅनालॉग सिग्नल थोड्या मेगाहर्ट्झचा. १०८०पी ५० म्हणजे ३जी-एसडीआय, २.९७ गिगाबिट. थ्री प्लस वनचा गाभा केसासारखा, जाळी विरळ. ३जीला ती २०-३० मीटरपुढे भरवशाची नाही. आणि डिजिटल असल्यामुळे चित्र हळूहळू बिघडत नाही: आधी ठिणग्या, थोडं पुढे गेलं की थेट नो सिग्नल. म्हणजे मॉनिटर पाहून तुम्हाला केबलबद्दल काहीच कळलेलं नाही.
या क्रमाने करा:
१. मिक्सरची एसडीआय २-३ मीटरच्या तुकड्याने प्रोसेसरला लावा. चित्र आलं तर दोषी केबल.
२. तरीही नो सिग्नल असेल तर मिक्सरच्या सेटिंगमध्ये ३जी आऊटपुट लेव्हल बी असेल ते लेव्हल ए करा. पुष्कळ प्रोसेसर बी वाचत नाहीत.
३. तेही नाही झालं, तर प्रोसेसरच्या पाठीवर इनपुटखाली 'एचडी-एसडीआय' एवढंच छापलंय का पाहा. तसं असेल तर मिक्सर १०८०आय ५० (एका वेळी अर्ध्याच ओळी) वर आणा, १.४८५ गिगाबिट, निम्मा भार.
केबल ७५ ओहमची आरजी ६, भरीव तांब्याच्या गाभ्याची, कॉम्प्रेशन बीएनसीसह.

तात्या_साउंड
१०८०आय केलं तर हात हलला की कंगव्याचे दात दिसतील.

एसडीआय_सम्राट
प्रोसेसरचं डीइंटरलेसिंग (अर्ध्या ओळी जुळवणं) ऑन ठेवलं तर नाही. नाहीतर १०८०पी २५ करा, तोही १.४८५ मध्ये बसतो. भाषणाला चालेल, नाचाला नको.

गल्लीतला_इंजिनिअर
डिशवाली आरजी ६ चालेल का? तिचा गाभा तांबं चढवलेल्या पोलादाचा असतो.

एसडीआय_सम्राट
वरच्या फ्रीक्वेन्सीला करंट पृष्ठभागावरूनच जातो, तिथे फरक पडत नाही. पण एसडीआयमध्ये खालच्या फ्रीक्वेन्सीही असतात आणि तिथे पोलाद नडतं. ६० मीटरला १०८०आय सहसा ओढते, ३जीची मी हमी घेणार नाही.

पिक्सेलपंत
लांबट चेहऱ्यांचं राहिलं. वॉल १५३६ बाय ९६०, सोर्स १९२० बाय १०८०. फुल स्क्रीन केलं की आडवं ०.८ पट, उभं ०.८९ पट, म्हणून माणसं बारीक. दोन उपाय. इनपुट क्रॉपमध्ये डावीकडून ९६, उजवीकडून ९६ काढा. उरतं १७२८ बाय १०८०, तेच वॉलचं प्रमाण. कॅमेऱ्याला हे उत्तम. पीपीटीच्या कडा कापायच्या नसतील तर लेयर १५३६ बाय ८६४ ठेवा आणि वाय ऑफसेट ४८, वर-खाली काळी पट्टी येईल. त्याहून बरं म्हणजे एचडीएमआय १ चा ईडीआयडी कस्टम १५३६ बाय ९६० द्या आणि स्लाइडचं माप १६:१० करा. विंडोजमध्ये विन आणि पी दाबून एक्स्टेंड, डुप्लिकेट नको. रिफ्रेश ५० हर्ट्झ आणि प्रोसेसरचं आऊटपुटही ५०, नाहीतर कॅमेरा पॅन झाला की चित्र अडखळेल.

मंडप_लाइट_नाशिक
बॉक्स काढला. लॅपटॉप लगेच येतो, खिडक्या जागेवर. छोट्या तुकड्यावर कॅमेरापण आला. सेटटॉप मात्र अजून काळा.

जुगाडू_जिवा
एचडीसीपी. साधा स्प्लिटर मध्ये टाका, काढून टाकतो तो.

पिक्सेलपंत
हा सल्ला घेऊ नका. चॅनेल सार्वजनिक ठिकाणी दाखवायला हक्क लागतात, घरच्या वर्गणीत ते येत नाहीत. प्रोसेसरच्या इनपुट मेनूत एचडीसीपी ऑन आहे का बघा, रीसेटनंतर बंद झालेलं असू शकतं. ऑन असूनही काळा असेल तर त्या इनपुटचं एचडीसीपी सेटटॉपशी जुळत नसावं. पण आधी आयोजकांना विचारा, परवानगी आहे का. नसेल तर सेटटॉप यादीतूनच काढा.

जनरेटर_जगन्नाथ
अर्थिंग कोणी विचारलंच नाही. मिक्सर एका फेजवर, वॉल जनरेटरवर, मध्ये एसडीआयची जाळी. न्यूट्रल-अर्थमध्ये मीटर लावा, २-३ व्होल्टच्या वर दिसलं तर आधी ते दुरुस्त करा. इनपुट कार्ड जळतात अशाने.

एसडीआय_सम्राट
विचारलं नव्हतं, पण मुद्दा खरा. मिक्सर, लॅपटॉप, प्रोसेसर एकाच यूपीएसवर घ्या.

मंडप_लाइट_नाशिक
सेटटॉप रद्द, साहेब म्हणाले गरज नाही. आरजी ६ द्वारका सर्कलजवळून मागवली आहे. लॅपटॉपचा काळा रंग राखाडी दिसतोय, तो प्रोसेसरमधूनच जाईल ना?

पिक्सेलपंत
लॅपटॉप लिमिटेड (काळा १६ पासून) पाठवतोय आणि प्रोसेसर फुल (काळा ० पासून) समजतोय. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनलमध्ये आऊटपुट डायनॅमिक रेंज फुल करा, प्रोसेसरच्या इनपुटलाही फुल, ऑटो नको. मग तिन्ही लेआउट प्रीसेटमध्ये सेव्ह करा: फक्त पीपीटी, फक्त कॅमेरा, पीआयपी. एकदा पॉवर बंद-चालू करून प्रीसेट टिकले का तेही पाहा.

तात्या_साउंड
पोर्टचं माझं तरीही लक्षात ठेवा. बॅकअप लूप (दुसऱ्या टोकाकडून राखीव केबल) लावायला गेलात की ३ चे ६ पोर्ट लागतील.