बिटमॅप फॉन्ट सोर्समधून बांधणं हा रिकामा उद्योग नाही

खटपट्या:
कालच्या धाग्यावर एकाने लिहिलं, "टर्मिनसचं पॅकेज टाका आणि विषय संपवा. २०१९ पासून बिटमॅप फॉन्ट मेलेले आहेत, सोर्समधून बांधणारे रिकामटेकडे." तिथल्या प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढतोय. नवख्यांसाठी: बिटमॅप फॉन्ट म्हणजे पिक्सेलच्या ठिपक्यांनी काढलेली अक्षरं, टर्मिनस हा तसाच एक फॉन्ट. पॅकेज म्हणजे आयता बांधलेला, सोर्समधून म्हणजे मूळ फाइलींपासून स्वतः बांधलेला.

२०१९ साली पँगो (ग्नोममध्ये अक्षरं मांडणारी लायब्ररी) १.४४ आवृत्तीत पूर्णपणे हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या इंजिनावर गेला आणि त्याने बीडीएफ-पीसीएफ या बिटमॅप फॉन्टच्या फाइलींना दार बंद केलं, एवढंच झालं. ग्नोम टर्मिनलमध्ये अक्षरांऐवजी चौकोन दिसायला लागले आणि लोकांनी फॉन्टचं श्राद्ध घातलं. एक्सटर्म हे जुनं टर्मिनल तेव्हाही पीसीएफ वाचत होतं, आजही वाचतं. वेलँड या नव्या डिस्प्ले पद्धतीवर फूट नावाचं टर्मिनल वाचतं. ग्नोममध्येच हवा असेल तर टर्मिनसच्या मेकफाइलमध्ये (बांधणीच्या कृतीत) ओटीबीचं, म्हणजे ओपनटाइपच्या कवचातल्या बिटमॅपचं टार्गेट आहे, ते बांधा.

आता सोर्स कशाला? टर्मिनसमधलं ~ हे चिन्ह वर चिकटलेलं असतं. दिवसभर होम फोल्डरचे पाथ वाचणाऱ्याला ते डोळ्यात खुपतं. सोर्सच्या 'ऑल्ट' फोल्डरमध्ये टीडी१ नावाचा पॅच (तयार बदल) आहे, तो ते मध्यावर आणतो. पॅच लावा, कॉन्फिगर, मेक, झालं. पॅकेजवाला कोणतं तरी एकच रूप निवडून देतो. बीडीएफ ही साधी टेक्स्ट फाइल आहे, ८ पिक्सेलची ओळ म्हणजे हेक्सचे दोन आकडे. आकडा बदलला की अक्षर बदललं. इतकं उघडं तंत्र आज कुठे राहिलंय?

पॅकेजभक्त:
तो प्रतिसाद माझाच होता आणि एक शब्दही मागे घेत नाही. मेकनंतर काय होतं ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. एक्ससेट या आज्ञेने फॉन्टच्या फोल्डरचा पाथ जोडायला गेलं की "बॅड फॉन्ट पाथ एलिमेंट", कारण फोल्डरमध्ये फॉन्ट्स.डिर ही फॉन्टची यादी नाही. मेकफॉन्टडिर चालवून ती बनवा, रिहॅश करून पाथ पुन्हा वाचायला लावा. लॉगआउट केलं की पाथ गायब, मग एक्सइनिटआरसी या सुरुवातीला चालणाऱ्या फाइलीत लिहा. एवढं करून एफसी-लिस्टच्या फॉन्टयादीत फॉन्ट नाहीच, कारण डेबियनच्या फॉन्टकॉन्फिगमध्ये '७०-नो-बिटमॅप्स' हा बिटमॅप गाळणारा नियम बसलेला. आमच्या जुन्या ऑफिसात एका ज्युनियरची अख्खी दुपार यात गेली आणि बोलणी मी खाल्ली. वर तुमच्या टर्मिनसचा सगळ्यात मोठा आकार १६ बाय ३२ पिक्सेल. चौदा इंची ४के स्क्रीनवर ते अक्षर अडीच मिलिमीटर उंच दिसतं. चाळिशीनंतर वाचून दाखवा.

खटपट्या:
७०-नो-बिटमॅप्स पॅकेजवाल्यालाही आडवं येतं, त्याचा सोर्सशी काय संबंध? आणि फॉन्ट्स.डिर 'मेक फॉन्टडिर' म्हटलं की आपोआप होतं. रीडमी वाचायची नाही आणि फॉन्टला शिव्या द्यायच्या.

रेवदंडेकर:
अवांतर होईल, पण विचारतोच. या सगळ्यात मराठी कुठे आहे? टर्मिनसमध्ये देवनागरी नाही. युनिफॉन्ट या दुसऱ्या बिटमॅप फॉन्टमध्ये आहे, तो एक्सटर्ममध्ये लावून 'किती' टाइप करून बघा. वेलांटी 'क'ला सोडून 'त'च्या आधी जाऊन बसते. 'दुसऱ्या' लिहा, टिंबाचा 'ऱ', हलंत आणि 'य' सुटे सुटे दिसतात. फाइलींची नावं मराठीत ठेवणाऱ्याने एलएस करून आलेल्या यादीत काय वाचायचं?

जुनाजाणता:
रेवदंडेकर, अगदी पोटातलं बोललात. सी-डॅकचं भारतीय लिप्यांसाठीचं जीस्ट कार्ड डॉसच्या पीसीत बसवून मी मराठी पगारपत्रकं काढलेली आहेत. जोडाक्षरं नीट, वेलांटी जागच्या जागी. आणि आज लिनक्सच्या कन्सोलवर एका वेळी ५१२ अक्षरचित्रांची मर्यादा! आमची पिढी जे वापरून निवृत्त झाली, ते तुम्हाला अजून जमत नाही याचा संताप येतो.

पॅकेजभक्त:
काका, कार्डाला खास हार्डवेअर होतं, तुलना चुकीची आहे. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. बीडीएफमध्ये अक्षराचा क्रमांक (कोडपॉइंट) आणि त्याचं चित्र, बस. वेलांटी कुठे सरकवायची हा नियम लिहायला त्यात जागाच नाही. देवनागरीसाठी हे तंत्र जन्मापासून लंगडं आहे.

खटपट्या:
लंगडं काय? सरकवणं हे शेपिंग इंजिनाचं, म्हणजे अक्षरं जुळवणाऱ्या प्रोग्रॅमचं काम, फॉन्ट फाइलचं नव्हे. एक्सटर्म ते करतच नाही, ट्रूटाइप फॉन्ट लावला तरी वेलांटी तिथेच पडते. स्वतः लावून बघा आणि मग बोला.

रेवदंडेकर:
भांडा, पण मला वाचता येईल असं काही सांगा. माझ्या बहिणीच्या शाळेत जुनी मशीनं आहेत, १३६६ बाय ७६८ चे पडदे. त्यावर अँटीअलायझिंगमुळे (कडा मऊ केल्याने) 'घ' आणि 'ध' सारखे भासतात. नेमका बिटमॅप तिथे हवा, आणि नेमकी मराठीच त्यात नीट नाही.

पॅकेजभक्त:
ठीक. असल्या पडद्यांवर बिटमॅप स्वच्छ दिसतो, हे मान्य करावं लागतंय. ४केबद्दल मत तेच. रेवदंडेकर, एमएलटर्म हे टर्मिनल बघा, भारतीय लिप्यांचं शेपिंग त्याने मनावर घेतलेलं आहे.

खटपट्या:
आणि ओटीबी हा शेवटी ओपनटाइपच आहे. त्यात जीसब हे अक्षररूपं बदलायचं टेबल बसतं, म्हणजे जोडाक्षरांचे नियमही बसतात. युनिफॉन्टची १६ पिक्सेलची अक्षरं घेऊन अर्धी रूपं आणि 'ऱ्य' काढायला घेतो. कोणी सोबत येत असेल तर सांगा. 'ज्ञ' आणि 'क्ष' १६ पिक्सेलांत कसे बसवायचे, तिथे मदत लागेल.

जुनाजाणता:
'क्ष' माझ्याकडे द्या. कागदावर चौकटी आखून देतो, हेक्स तुम्ही करा.

पॅकेजभक्त:
करा. पण शाळेतल्या मशीनवर कोणी मेक चालवणार नाही. डेब फाइल (आयतं पॅकेज) मी बांधून देईन, सोर्स वेळेत पाठवा.