मदत हवी आहे: वर्तुळाचे तुकडे आणि मध्येच उगवलेले २५६

वर्तुळावर बिंदू घ्या, प्रत्येक जोडी रेषेने जोडा, आतले तुकडे मोजा. एका बिंदूपासून एकेक वाढवत गेलं की १, २, ४, ८, १६... आणि मग सहा बिंदूंना ३२ नव्हे, ३१! (बिंदू जरा वाकडेतिकडेच घ्या. सुसम षटकोनात तिन्ही मोठे कर्ण केंद्रात भेटतात आणि ३०च तुकडे भरतात.)

सूत्र कळलं: १ अधिक जीवा अधिक छेदनबिंदू. कुठलेही चार बिंदू निवडले की आत एकच छेदनबिंदू, हे फारच देखणं आहे.

पण १० बिंदूंना १ + ४५ + २१० = २५६, म्हणजे पुन्हा दोनाचा घात! २५६ म्हणजेच १ + ९ + ३६ + ८४ + १२६, ही पास्कलच्या त्रिकोणातली (ज्यात प्रत्येक संख्या वरच्या दोन संख्यांची बेरीज असते) अर्धी ओळ, इथवर पोचलोय. यापुढे पुन्हा कधी दोनाचा घात येतो का? येत नसेल तर सिद्ध कसं करायचं? शाळेच्या गणितात बसेल अशी वाट कुणाला माहीत आहे का?