मदत हवी आहे: नासरेथमध्ये अविश्वास नेमका कोणाचा?

आमच्या बायबल अभ्यासगटातल्या एका आजारी ताईंना कोणीतरी ऐकवलं, ‘तुमचा विश्वास कमी पडतोय, म्हणून बरं वाटत नाही.’ आधार दिला मार्कच्या शुभवर्तमानातल्या (बायबलमधलं येशूचं चरित्र) 6:5-6 चा; त्यात येशू आपल्या गावी, नासरेथला, येतो आणि तिथल्या अविश्वासाचं त्याला आश्चर्य वाटतं. त्या फार खचल्यात. (उपचार चालू आहेत, तो प्रश्न नाही.)

मार्क 2 मध्ये येशू पक्षाघाती माणसाला आणणाऱ्यांचा विश्वास पाहतो, हे मी दाखवलं. योहान 5 मधल्या 38 वर्षं आजारी माणसाला तर आपल्याला कोणी बरं केलं हेही ठाऊक नव्हतं. ताईंना पटतं, पण नासरेथपाशी अडतं. मार्क म्हणतो, थोडे रोगी सोडता तिथे चमत्कार करता आले नाहीत. मत्तय 13:58 म्हणतो, फारसे केले नाहीत.

शुभवर्तमानांची मूळ भाषा ग्रीक मला येत नाही, सोप्या मराठीत सांगा: हा फरक कसा समजावू? आणि तो अविश्वास रोग्यांचा की गावकऱ्यांचा?