क्लाउस मोये आणि माझ्या थाळीला गेलेला तडा

मृण्मय: मातीच्या भांड्यांसाठी घेतलेल्या लहान विद्युत भट्टीत मी खिडकीच्या काचेवर तपकिरी बाटलीच्या पट्ट्या मांडून एक थाळी केली. भट्टीतून ती अखंड निघाली. तिसऱ्या दिवशी मात्र कपाटात ठेवल्या जागीच तिला तडा गेला, तोही नेमका पट्टीच्या कडेने. या विषयावर वाचताना काचकलावंत क्लाउस मोये यांचे नाव वारंवार येते. त्यांच्या कामाचा या तड्याशी काही संबंध आहे का?

भट्टीकर: थेट संबंध आहे. तुमच्या दोन्ही काचा सोडा-चुन्याच्याच (म्हणजे रोजच्या वापरातल्या साध्या काचेच्या) असल्या तरी त्यांतील घटकांचे प्रमाण वेगळे असल्यामुळे निवताना एक काच दुसरीपेक्षा अधिक आकसते आणि सांध्यात ताण कोंडून राहतो. मोये (जन्म १९३६, हॅम्बुर्ग) घरच्या कारखान्यात काच कापण्या-घासण्याचे काम शिकले. पुढे ते रंगीत काचकांड्यांचे काप शेजारी शेजारी मांडून भट्टीत एकजीव करू लागले. पण परस्परांशी जुळणाऱ्या रंगांची वानवा होती. १९७९ साली अमेरिकेतील पिलचक या काचकलेच्या शाळेत शिकवताना त्यांची पोर्टलंडच्या बुल्सआय या काच कारखान्याच्या मंडळींशी गाठ पडली, आणि एकत्र वितळवूनही न तडकणाऱ्या रंगीत काचेच्या तावांची निर्मिती त्या भेटीतून मार्गी लागली.

रंगशलाका: त्यात भर घालतो. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा स्कूल ऑफ आर्टमधील काच विभाग त्यांनी उभा केला आणि दहा वर्षे चालवला. कर्स्टी रे यांच्यासारखे कलावंत तेथेच घडले. फुंकून घडवलेल्या काचेचा तेव्हा केवढा बोलबाला होता हे लक्षात घेतले, तर भट्टीकामाला पूर्ण शिक्षणक्रमाचा मान मिळवून देणे हे मला त्या रंगीत तावांहूनही मोठे काम वाटते. स्वतः मोये एकजीव झालेला ताव पुन्हा कापत, पट्ट्या नव्याने रचून पुन्हा भाजत, साच्यावर वाकवत आणि शेवटी सारा पृष्ठभाग घासून त्याची चकाकी घालवत.

भट्टीकर: मृण्मय, उरलेला तुकडा लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर धरा आणि पोलराइज्ड गॉगलची काच पडदा काळा दिसेपर्यंत फिरवून त्यातून पाहा. जेथे ताण असेल तेथे उजेड दिसेल.

मृण्मय: पाहिले. पट्टीच्या दोन्ही कडांना पांढरी किनार उजळते, मधला भाग काळाच राहतो. आता एकाच बाटलीची काच घेऊन पुन्हा करतो.